लवू घाडीगावकरचा कललेला फणस

लवू घाडीगावकरला पवईच्या एका कंपनीने नोकरी नाकारली, आणि त्याला कारण फणस. निदान लवूचं तसं ठाम मत होतं. मुलाखत ऑनलाइन होती. लवू मुलुंड पूर्वेला, आपल्या पहिल्या मजल्यावरच्या खोलीत, खिडकीशी बसला होता. वर इस्त्रीचा शर्ट, खाली घरातली हाफ पँट. मुलाखत घेणाऱ्या बाई सुरुवातीलाच म्हणाल्या, "तुमचा चेहरा अंधारात येतोय. जरा दिवा लावता का?" दिवा लावायला उठावं तर हाफ पँट दिसणार. लवू उठला नाही. पुढे बाईंनी "आमची कंपनी नेमकं काय करते, सांगाल?" असंही विचारलं होतं, आणि लवूने "तेच समजून घ्यायला मी उत्सुक आहे" असं उत्तर दिलं होतं, पण हा भाग तो गौण मानत असे. मुद्दा चेहऱ्याचा होता. चेहरा दिसला असता तर आपल्यासमोर कोण बसलंय हे बाईंना कळलं असतं. चेहरा दिसला नाही, कारण खिडकीबाहेर फणस होता.

लवू वाईट मुलगा नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. वय अठ्ठावीस, एका विमा कंपनीत लोकांचे दावे तपासायची नोकरी, त्यातलं निम्मं काम घरून. फक्त त्याला सतत असं वाटायचं की आपल्याला शोभेल असं आयुष्य आपल्याकडे यायला निघालेलं आहे, आणि वाटेत कोणीतरी ते अडवून धरलंय. गिटार शिकायला घेतली, तर मुंबईच्या दमट हवेत तारा लागेनात. स्पर्धा परीक्षेला बसला, तर पेपर काढणाऱ्यालाच विषय समजलेला नव्हता. फोटोग्राफी सुरू केली, तर मुलुंडमध्ये फोटो काढावा असं काही निघेना. स्वतःच्या नावावरही त्याचा राग होता. लवू हे आजोबांचं नाव. ऑफिसात ते जुनाट वाटतं म्हणून त्याने मेलखाली नुसतं 'लव' लिहायला सुरुवात केली, आणि प्रत्येक मेलच्या शेवटी 'विथ रिगार्ड्स, लव' वाचून हिशेब खात्यातल्या एका बाईंनी वरपर्यंत तक्रार नेली. यातही दोष बाईंच्या संशयी स्वभावाचा होता.

"आई, या झाडाने माझं करिअर खाल्लं," लवू मुलाखतीच्या संध्याकाळी म्हणाला.

त्याची आई रत्नप्रभा कुडाळकडची. वडील गावचं घर दुरुस्त करायला गेले होते आणि ती दुरुस्ती लवकर संपू नये याची काळजी घेत तिथेच राहिले होते. त्यामुळे घरात दोघंच.

"फणसान खाल्ल्यान?" आई भाजी निवडता निवडता म्हणाली. "गेल्या मे म्हयन्यात आख्खो कापो तू एकट्यान संपवलंस आणि मगे पोटात दुखता म्हणान लोळलंस. कोणी कोणाक खाल्ल्यान ता माका माहीत आसा."

आईचा आणि फणसाचा घरोबा होता. झाडाची एक जाड फांदी त्यांच्या खिडकीपासून हातभर अंतरावर यायची. थंडी सरताना तिला कोवळे फणस लागले की पहिला मान आईचा. ती कोयता घेऊन खिडकीत उभी राहायची, आणि त्या दिवशी अख्ख्या बिल्डिंगमध्ये फणसाच्या भाजीच्या वाट्या फिरायच्या. लवूला ती भाजी आवडायची. पण भाजी वेगळी आणि तत्त्व वेगळं.

फांद्या छाटून घ्यायच्या, असं त्याने ठरवलं आणि ते बोलून दाखवण्याची चूक केली. मुलुंडच्या बिल्डिंगमध्ये एखादी अडचण जिन्यात बोलून दाखवली की ती सार्वजनिक होते.

तिसऱ्या मजल्यावरचे जयवंतकाका बँकेतून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर त्यांनी लोकांच्या चुका काढणं हा पूर्णवेळ उद्योग म्हणून स्वीकारला होता. ते म्हणाले, "झाडाला कशाला हात लावतोस? समोरच्या भिंतीवर मोठा आरसा लाव. उजेड डबल."

"आरशात झाडच दिसणार ना काका."

"मग दोन फणस झाले. तुझ्या आईला बरंच."

लवूच्या बरोबर खाली, तळमजल्यावर प्रेमाकाकू राहायच्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी चेतना लग्न होऊन बोरिवलीला. काकूंचा सल्ला जास्त व्यवहारी होता. "तू स्वयंपाकघरात बसून काम कर. तिथे उजेड भरपूर. आणि मधे मधे रत्नाला कांदा चिरून देशील."

लवूने दोन्ही सल्ले ऐकून घेतले आणि मनात नोंद केली की आपण चुकीच्या लोकांत जन्माला आलो आहोत.

फांद्या छाटायलाही पालिकेची परवानगी लागते, आणि झाड सोसायटीच्या आवारातलं, म्हणून अर्जाला सेक्रेटरींचं पत्र हवं होतं. सेक्रेटरी म्हणजे शिवदास कांबळे. टेलिफोन खात्यात आयुष्य काढलेला, तोलून बोलणारा माणूस. फणसाखालच्या बाकावर सकाळी पेपर वाचायचे, आणि पेपर वाचून झाला की त्याच घड्यांवर परत घडी घालायचे. लवूने पत्राचा मजकूर स्वतःच टाइप करून नेला होता: 'आवारातील फणसाच्या वृक्षाबाबत योग्य ती कार्यवाही होण्यास सोसायटीची हरकत नाही.'

"योग्य ती म्हणजे कोणती?" शिवदासकाकांनी चष्म्यावरून पाहिलं. "खिडकीकडच्या फांद्या छाटणे, असं सरळ लिही की."

"काका, ऑफिसात असलीच भाषा लागते. तुम्ही सही करा, बाकी मी बघतो."

'बाकी मी बघतो' हे लवूचं आवडतं वाक्य होतं. ते बाकीचं आजवर कोणाला दिसलं नव्हतं. पण शिवदासकाका माणसावर विश्वास टाकणारे. त्यांनी सही केली, शिक्का मारला, आणि शिक्क्यावर फुंकर घालून पत्र त्याच्या हातात दिलं.

पालिकेच्या कचेरीत लवू पहिल्यांदा गेला तो चुकीच्या वारी. अर्ज कोणत्या वारी घेतात याचा बोर्ड दारातच होता. पण लवू बोर्ड वाचणाऱ्यांपैकी नव्हता. बोर्ड सामान्य लोकांसाठी असतात. दुसऱ्यांदा गेला तेव्हा खिडकीमागच्या कारकुनांनी झाडाचा फोटो मागितला.

"झाड कुठे पळून जाणार आहे का? येऊन बघा ना."

"निरीक्षक येऊन बघतीलच. पण फोटो लागतो."

तिसऱ्यांदा तो फोटो घेऊन गेला. सकाळचा उजेड छान पडला होता म्हणून त्याने झाडासमोर स्वतः उभं राहून, हात लांब करून तो काढला होता. कारकुनांनी फोटो जवळ धरला, लांब धरला.

"यात तुम्ही छान आलाय. झाड कुठंय?"

"माझ्या मागे. तो हिरवा भाग."

मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. रांगेत हसलं जाणं हे त्याच्या मते त्याच्या पातळीच्या माणसाला शोभणारं नव्हतं. त्यामुळे पुढचा प्रश्न त्याने नीट ऐकलाच नाही.

"छाटायचं की काढायचं?"

"अहो, काढून टाका हो एकदाचं!"

"काढायचं. नक्की?"

"मी मराठीतच बोलतोय ना?"

कारकून मुकाट्याने लिहू लागले. त्यांनी कागदावर जिथे बोट ठेवलं तिथे लवूने सही केली. कागदावर काय लिहिलंय हे वाचायला तो थांबला असता. पण तेवढ्यात रांगेतला तो माणूस पुन्हा हसल्यासारखा वाटला.

काही दिवसांनी एका सकाळी खाली गलका ऐकू आला. लवू खिडकीत गेला, पण फांद्यांमुळे काही दिसेना. मग तो खाली उतरला. फणसाच्या खोडावर पालिकेची नोटीस लावलेली होती आणि तिच्याभोवती अर्धी बिल्डिंग. सोसायटीच्या आवारातील फणसाचा वृक्ष समूळ तोडण्यासाठी श्री. लवू घाडीगावकर यांचा अर्ज आलेला असून कोणाची हरकत असल्यास लेखी कळवावी, अशा अर्थाचा मजकूर होता. लवूचं नाव चारचौघांत छापून येण्याची ही आयुष्यातली पहिलीच वेळ. आणि छापलं ते पुरं. लव नव्हे, लवू.

"समूळ?" शिवदासकाकांचा आवाज नेहमीसारखाच खालचा होता, पण हातातल्या पेपरची घडी चुकली होती.

आता सांगून टाकलं असतं तर गोष्ट तिथेच मिटली असती. काका, चुकून झालं, मला फांद्याच म्हणायच्या होत्या, एवढं वाक्य. ते त्याच्या ओठांवर आलंही होतं. पण नेमके त्याच वेळी जयवंतकाका बोलले.

"अहो, काही नाही, याने न वाचता सही ठोकली असणार. हा पोरगा पिझ्झाची जाहिरातसुद्धा पूर्ण वाचत नाही!"

हे शंभर टक्के खरं होतं, आणि म्हणूनच सहन होण्यासारखं नव्हतं. लवू जगातलं काहीही मान्य करायला तयार होता. जयवंतकाकांचं बरोबर आहे, एवढं सोडून.

"मी पूर्ण विचार करून अर्ज केलाय," तो म्हणाला.

"काय विचार केलास? ऐकू दे."

लवूने झाडाकडे पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं. एक कावळा उडून गेला.

"झाड कललंय," लवू म्हणाला.

मग लवूने खिशातून फोन काढून तो फोटो दाखवला. हात लांब करून काढल्यामुळे फोटो तिरका आला होता, आणि तिरक्या फोटोत झाड तर कललेलं होतंच, लवूही कललेला होता. पण लोक लवूकडे पाहत नव्हते. एकाने मान वाकडी केली. मग दुसऱ्याने. थोड्या वेळाने सगळी सोसायटी माना वाकड्या करून फणसाकडे बघत होती, आणि माना वाकड्या करून बघितल्यावर तो सरळ दिसणं शक्यच नव्हतं. कोणी म्हणालं रस्त्याकडे कललाय, कोणी म्हणालं पाण्याच्या टाकीकडे.

"बाई गं, माझ्याच घरावर येणार हा!" प्रेमाकाकू कपाळाला हात लावून म्हणाल्या. "मला केव्हापासून वाटतच होतं. थांबा, मी आधी चेतनाला फोन करते."

त्यानंतरचे दिवस लवूच्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते, हे कबूल करायला हवं. आजवर त्याचं कोणी ऐकलं नव्हतं. आता जिन्यात लोक थांबवून विचारू लागले. पाण्याची टाकी नीट आहे ना रे? माझी गॅलरी बघून जाशील का? लवू हाताची घडी घालून, एक डोळा मिटून गॅलरी बघायचा आणि "सध्या धोका नाही" असं म्हणायचा. त्याने बाजारातून गवंड्याचा ओळंबाही आणला, भिंत सरळ आहे का ते बघायचा, दोरीला पितळी लोलक लावलेला. तो सगळ्या बिल्डिंगभर लावून बघितला. फणसाला मात्र कधी लावला नाही, कारण ओळंब्याला खोटं बोलता येत नाही.

इकडे भीती आपली आपण वाढत होती. झाडाखालच्या स्कूटर फाटकात आल्या, त्यामुळे गाड्या बाहेर निघेनात. कोणीतरी खबरदारी म्हणून फणसाला नायलॉनची दोरी बांधून ती कंपाउंडच्या भिंतीला अडकवली. मग दुसऱ्या कोणाच्या लक्षात आलं की आता झाड पडलं तर भिंत घेऊनच पडेल. म्हणून भिंतीलगतच्या गाड्याही हलल्या. झाडाखालचा बाक रिकामा पडला. तिथे फक्त शिवदासकाका बसत, रोजच्यासारखे, पेपर उघडून. सोसायटीची सभा झाली, आणि झाड ताबडतोब तोडावं असा ठराव मोठ्या बहुमताने मंजूर होऊन कचेरीकडे रवानाही झाला. शिवदासकाकांनी विरोधात हात वर केला. लवू टाळ्यांच्या मध्ये बसला होता, स्वतःचे हात मांडीवर ठेवून.

आई त्या दिवसापासून त्याच्याशी बोलेनाशी झाली. भांडली असती तर परवडलं असतं. ती वेळेवर ताट वाढायची आणि खिडकीत जाऊन उभी राहायची. फांदीवरचे कोवळे फणस, अजून मुठीएवढेही न झालेले, तिने एके दिवशी सगळे काढले आणि घरोघर वाटले. लवूच्या ताटात त्या दिवशी भेंडी होती.

आणि मग प्रेमाकाकू गेल्या.

चेतना गाडी घेऊन आली होती. काकूंनी देव टोपलीत घेतले, लोणच्याच्या बरण्या साडीत गुंडाळल्या. कुलूप लावताना त्या डोळे पुसत होत्या. ट्रंक उचलायला लवू पुढे झाला, कारण ट्रंक उचलणं हे बोलण्यापेक्षा सोपं होतं.

"लवू, तू बोललास म्हणून माझा जीव वाचला रे," काकू त्याच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या. "नाहीतर झोपेतच गेले असते. देव तुझं भलं करो."

गाडी निघून गेली. ही एवढी साधी, खरीखुरी कौतुकाची थाप लवूला आयुष्यात कोणी दिली नव्हती, आणि ती घेऊन कुठे उभं राहावं हे त्याला कळेना. वर आला तेव्हा आई जिन्याच्या कठड्याला धरून उभी होती. कित्येक दिवसांनी ती बोलली, पण त्याच्याशी नाही, जिन्याशी बोलल्यासारखी.

"लग्न होऊन इलंय तेव्हापासून रोज सकाळी खालसून 'रत्ना' अशी हाक येय. आता माका हाक कोण मारतला?"

दुसऱ्या दिवशी लवू कचेरीत गेला. योग्य वारी.

"हरकत नोंदवायचीय. फणसाच्या झाडाबद्दल."

"कोणाच्या अर्जावर?" तेच कारकून होते.

"श्री. लवू घाडीगावकर यांच्या."

"तुमचं नाव?"

"लवू घाडीगावकर."

कारकुनांनी चहाचा कप खाली ठेवला. "नातेवाईक?"

"तोच."

"अहो, मग हरकत कशाला घेता स्वतःवर? अर्ज मागे घ्या."

"मागे घेता येतो?"

"पहिल्या दिवसापासून येत होता. तिथे लिहिलंय बघा." लवूने मागे वळून पाहिलं. लिहिलं होतं, बऱ्यापैकी मोठ्या अक्षरात. "पण आता मागे घेऊनही भागायचं नाही. झाड धोकादायक आहे असा तुमच्या सोसायटीचा ठराव आलाय. आता मॅडम येऊन बघणार."

मॅडम म्हणजे उद्यान निरीक्षक माधुरी. शनिवारी सकाळी त्या आल्या. वयाने लवूएवढ्याच, पायात स्पोर्ट्स शूज, पाठीला सॅक. सगळी सोसायटी जमली होती. त्यांनी झाडाला एक प्रदक्षिणा घातली, मुळं बघितली, खोडावर दोनदा थापटलं, आणि विचारलं, "कल कोणत्या बाजूला आहे?"

एकाच वेळी चारी दिशांना हात झाले.

"ओळंबा मिळेल का कोणाकडे?"

"लवूकडे आहे!" जयवंतकाका उत्साहाने म्हणाले. "त्याच्याकडे असतोच."

लवू ओळंबा आणायला वर गेला. स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती. तिने बाजूला होऊन त्याला वाट दिली. खाली येऊन त्याने ओळंबा मॅडमच्या हातात दिला. त्यांनी दोरी फांदीला अडकवली. लोलक थोडा हलला, मग स्थिर झाला. दोरी आणि खोड शेजारी शेजारी उभे राहिले, शाळेच्या प्रार्थनेत उभे राहतात तसे.

"झाड सरळ आहे," मॅडम म्हणाल्या. "उत्तम आहे झाड. अर्जदार कोण?"

"मी," लवू म्हणाला. "बहुतेक थंडीमुळे थोडं सरळ झालं असावं..."

मॅडम त्याच्याकडे बघत राहिल्या. रागाने नाही. एखाद्या पानावर कीड दिसली की बघतात तशा, निरखून. आणि लवूच्या लक्षात आलं की आपल्याकडे पुढचं वाक्य नाहीये. आजवर नेहमी असायचं.

"झाड कललेलं नव्हतं," तो म्हणाला. "मला फांद्याच छाटून हव्या होत्या. कारकुनांनी विचारलं होतं, मी लक्ष दिलं नाही. सही न वाचता केली. मग इथे सगळ्यांसमोर मान्य करायची लाज वाटली, म्हणून... म्हणून मी कललंय म्हणालो."

"मी म्हटलं होतं!" जयवंतकाकांना एवढा आनंद झाला की त्यांनी शेजारच्या माणसाचा हात हातात घेतला. "पहिल्याच दिवशी म्हटलं होतं की नाही?"

बाकीच्यांनी लवूला काय काय सुनावलं ते इथे लिहिण्यात अर्थ नाही. ज्यांनी माना वाकड्या करून झाड बघितलं होतं तेच त्यात सगळ्यात पुढे होते. स्कूटर फाटकातून परत झाडाखाली येऊ लागल्या, त्यांच्या आवाजात काही वाक्यं बुडाली, तेवढंच बरं. मॅडमनी ठरवलं की एक वाळलेली फांदी तेवढी काढता येईल, ती कंपाउंडच्या बाजूची. खिडकीकडच्या निरोगी फांदीला हात लावायचं कारण नाही. लवूने त्यावर 'हो' म्हटलं.

सगळे पांगल्यावर शिवदासकाका बाकावरून उठले.

"लवू, तुझी चूक तुझ्यापाशी. पण त्या पत्रावर माझी सही होती," ते म्हणाले. "नोकरीत इतकी वर्षं काढली, मी सही केलेल्या कागदाबद्दल मला कोणी काही विचारायला आलं नव्हतं. आज मॅडमनी निघताना मला बाजूला घेऊन विचारलं."

यावर रागवायला लवूला खूप शोधूनही कोणी सापडलं नाही.

"सॉरी, काका."

"मला म्हणून काय उपयोग? प्रेमाताई घर सोडून गेल्यात. त्यांना घेऊन ये."

रविवारी लवू बसने बोरिवलीला निघाला. वाटेत त्याने मनात वाक्यं जुळवली, मोडली, पुन्हा जुळवली. दार चेतनाने उघडलं. आत प्रेमाकाकू सोफ्यावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. समोर टीव्ही, हातात सोललेलं संत्रं, डोक्यावर गार हवेचा झोत. घर सोडून आलेल्या दुःखी बाईचं चित्र लवूच्या डोळ्यांसमोर होतं, त्यात संत्रं नव्हतं.

"पडलं का रे?" काकूंनी विचारलं.

"नाही."

"चहा टाकते," म्हणून चेतना आत गेली. लवू सोफ्याच्या कडेला टेकला आणि घाईघाईने म्हणाला, "काकू, मला माफ करा. झाड सरळ आहे. मी खोटं बोललो होतो."

"हळू बोल!" काकूंनी त्याच्या गुडघ्यावर चापट मारली. "माहितेय मला."

"माहितेय?"

"अरे, जन्म गेला त्या झाडाकडे बघत. सरळ की वाकडं, मला कळत नाही होय?"

"मग तुम्ही ट्रंक भरून..."

"चेतना म्हणते ये, ये. पण लेकीकडे असं उठून जाऊन बसता येतं का? जावई काय म्हणतील? काहीतरी कारण लागतं रे. तू कारण दिलंस." काकूंनी संत्र्याची एक फोड त्याच्या हातावर ठेवली. "आता माझ्यासाठी एक कर. महिनाभर तरी झाड कललेलंच असू दे. आंबे खाऊन येईन म्हणते."

तेवढ्यात चेतना चहा घेऊन आली. "काय म्हणतंय मग झाड? कधी तोडतायत?"

काकू लवूकडे बघत होत्या. चेतना लवूकडे बघत होती. कालपर्यंत खोटं बोलणं लवूला किती सहज जमत होतं! आज एका म्हाताऱ्या बाईच्या सुखासाठी, चांगल्या हेतूने, एक छोटंसं वाक्य बोलायचं होतं. त्याने तोंड उघडलं, आणि भलतंच बाहेर पडलं.

"झाड सरळ आहे. कधी कललंच नव्हतं. काकूंनाही माहीत होतं. त्यांना तुमच्याकडे राहायचंय, पण सांगायला संकोच वाटतो."

टीव्हीवर कोणीतरी साबणाची जाहिरात करत होतं. काकूंनी रिमोटने ती बंद केली.

"आई?" चेतना म्हणाली.

"हा काहीही बोलतो. याचं ऐकून सगळी सोसायटी फसलीय."

"तुला इथे राहायचंय, तर सांगायला काय झालं?"

"तू विचारलंस कधी? 'ये गं चार दिवस' म्हणतेस. चार दिवस पाहुण्याला बोलावतात. राहा, असं म्हणालीस कधी?"

"मी कशी म्हणणार? मला वाटायचं रत्नाकाकूंना सोडून तुला करमत नाही!"

"नाहीच करमत!" काकूंचा आवाज फुटला. "इथे आल्यापासून सकाळी उठून हाक कोणाला मारू तेच कळत नाही."

"मग तुला हवंय तरी काय?"

"दोन्हीकडे राहायचंय मला! थोडे दिवस इथे, थोडे दिवस तिथे. त्यात न कळण्यासारखं काय आहे?"

चेतना मटकन आईशेजारी बसली. तिला हसू येत होतं की रडू, हे तिलाही समजत नव्हतं. काकूंनी पदराने आधी लेकीचे डोळे पुसले, मग स्वतःचे. लवूला वाटलं, आपण आता निघावं. तो उठलाही.

"आणि तू रे, शहाण्या!" दोघी एकदम त्याच्याकडे वळल्या. त्याने त्यांच्या घरात येऊन नाक खुपसल्याबद्दल चेतना बोलली, विश्वासाने सांगितलेली गोष्ट फोडल्याबद्दल काकू बोलल्या. अखेर असं ठरलं की इथून पुढे काकूंची ट्रंक मुलुंडहून बोरिवलीला आणि बोरिवलीहून मुलुंडला जेव्हा जेव्हा जाईल तेव्हा ती लवूने उचलायची. लवूने ट्रंकेकडे पाहिलं. तिचं वजन त्याला माहीत होतं. पूर्वीचा लवू असता तर 'बघतो' म्हणाला असता.

"उचलीन," तो म्हणाला.

काकूंनी तोवर फोन लावलाही होता. "रत्ना!" त्या अशा ओरडल्या की फोनची गरज नव्हती, मुलुंडला तसंच ऐकू गेलं असतं. मग बराच वेळ दोन्हीकडून एकदमच बोलणं झालं, आणि त्यातून एकमेकींना सगळं समजलं. शेवटी काकूंनी फोन लवूच्या हातात दिला.

लवूने तो कानाला लावला.

"जेवलंस काय?" आईने विचारलं.

"नाही," लवू म्हणाला.

"मगे प्रेमाक सांग, माझ्या झिलाक उपाशी धाडू नको म्हणान."

लवूने तसं सांगितलं. आणि त्या मायलेकी उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि पुन्हा भांडायला लागल्या. आता लवूला भात वाढायचा की पोळ्या करायच्या, यावर.